टेन-आर की पानिगाले? दोनशे अश्वशक्तीच्या दोन गाड्यांमधला खरा फरक

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीवरच्या मोटारसायकलींवर ४० टक्के जीएसटी लागू झाला. त्याआधी २८ टक्के कर आणि ३ टक्के उपकर मिळून ३१ टक्के पडत होते. कराआधी १०० रुपये किंमत असलेली गाडी १३१ ला मिळायची, ती आता १४० ला मिळते. म्हणजे कंपनीने भार स्वतः सोसला नसेल तर शोरूमच्या किमतीत जवळजवळ ७ टक्क्यांची वाढ. साडेअठरा लाखांच्या गाडीवर ही वाढ सव्वा लाखाच्या पुढे जाते. शिवाय आरटीओचा एकरकमी कर किमतीच्या टक्केवारीने असतो, त्यामुळे तोही फुगतो.

एवढे पैसे मोजायचे तर गाडी नीट समजून घेतली पाहिजे. लिटर-क्लास म्हणजे हजार सीसीच्या आसपासच्या सुपरस्पोर्ट गाड्यांचा विषय निघाला की पुण्यात दोन नावे हमखास समोर येतात: कावासाकी निंजा झेडएक्स-१०आर, म्हणजेच टेन-आर, आणि डुकाटी पानिगाले व्ही४. पहिलीशी या जिल्ह्याचे नाते आहे. २०१८ पासून कावासाकीने ती चाकणला जुळवायला सुरुवात केली आणि तेव्हा तिची किंमत बरीच खाली आली. दुसरी पूर्ण तयार होऊनच भारतात येते. दोघींच्या किमतीत कित्येक लाखांचे अंतर आहे आणि माहितीपत्रकात फरक दिसतो जेमतेम १२ अश्वशक्तीचा. हे अंतर नेमके कशाचे आहे आणि त्यातले पुण्यातल्या चालकाच्या वाट्याला किती येते, ते पाहू.

खालचे आकडे २०२१ च्या बांधणीची टेन-आर आणि २०२२ ची पानिगाले व्ही४ यांचे आहेत. वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात याच पिढ्या भेटतात. २०२५ मध्ये पानिगालेची नवी पिढी आली आणि तिचा प्रसिद्ध एकहाती स्विंगआर्म, म्हणजे मागचे चाक धरणारा दांडा, जाऊन दुहेरी आला. पण इंजिनाचा स्वभाव तोच राहिला.

## आधी तीन शब्द

सीसी म्हणजे सगळ्या सिलिंडरांची मिळून हवा-पेट्रोल ओढण्याची जागा. आरपीएम म्हणजे इंजिनातला मुख्य दांडा, क्रँकशाफ्ट, मिनिटाला किती फेऱ्या मारतो तो आकडा. टॉर्क म्हणजे त्या दांड्याला पिळणारा जोर. तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात.

गणेशोत्सवाआधी नदीपात्रात ढोल-पथकांचा सराव ऐकलेल्याला यांचे नाते लगेच कळेल. टिपरू ढोलावर किती जोरात पडते तो टॉर्क, मिनिटाला किती वेळा पडते ते आरपीएम, आणि दोन्हींचा गुणाकार म्हणजे अश्वशक्ती. सूत्रच सांगायचे तर टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ७०२३. टेन-आर १३,२०० आरपीएमला २०३ अश्वशक्ती देते, म्हणजे त्या क्षणी तिचा टॉर्क १०८ न्यूटन-मीटर असतो. पानिगाले १३,००० ला २१५.५ देते, म्हणजे टॉर्क ११६. चांगल्या मोठ्या डिझेल मोटारीचा टॉर्क याच्या दुपटीहून जास्त असतो, पण ती मिनिटाला ४००० ठोक्यांच्या पुढे फारशी जात नाही. सुपरस्पोर्टची सगळी जादू वेगाने ठोकण्यात आहे.

वेगाने ठोकण्यालाही मर्यादा आहे. टेन-आरचा पिस्टन ५५ मिलिमीटर वर-खाली जातो. १३,२०० आरपीएमला त्याचा सरासरी वेग सेकंदाला २४ मीटर होतो आणि प्रत्येक फेरीत तो दोनदा पूर्ण थांबून उलट फिरतो. पानिगालेचा पिस्टन ५३.५ मिलिमीटर जातो, पण रुंदीला मोठा, ८१ मिलिमीटरचा, टेन-आरचा ७६. रुंद आणि आखूड सिलिंडर हे दोघींचेही धोरण आहे. डुकाटीने ते आणखी ताणले आहे, एवढेच.

## १०५ सीसी जास्त, मग ताकदही जास्त ना?

टेन-आर ९९८ सीसी, पानिगाले ११०३. जागतिक सुपरबाईक शर्यतीत चार सिलिंडरच्या गाडीला १००० सीसीची मर्यादा आहे. कावासाकीने रस्त्यावरची गाडी त्याच मर्यादेत ठेवली. जोनाथन रेने २०१५ ते २०२० अशी सलग सहा विजेतेपदे याच जातीच्या गाडीवर मिळवली. डुकाटीने शर्यतीसाठी ९९८ सीसीची व्ही४ आर वेगळी बनवली. अल्वारो बाउतिस्ताने २०२२ आणि २०२३ ची विजेतेपदे तिच्यावर जिंकली. रस्त्यावरच्या व्ही४ ला मात्र १०५ सीसी वाढवून दिले. म्हणजे शोरूममधली पानिगाले शर्यतीच्या नियमात बसतच नाही. ही वाढ रस्त्यासाठी, मधल्या आरपीएममध्ये जोर मिळावा म्हणून केलेली आहे.

हे समजले की शिखराच्या आकड्यांपेक्षा ते शिखर कुठे येते हे महत्त्वाचे ठरते. टेन-आरचा सर्वाधिक टॉर्क, ११४.९ न्यूटन-मीटर, ११,४०० आरपीएमला मिळतो. पानिगालेचा १२३.६, आणि तो ९,५०० लाच. जवळजवळ दोन हजार आरपीएम आधी. गाडी चालवताना जाणवतो तो हा फरक. माहितीपत्रकाच्या पहिल्या ओळीतले १२ अश्वशक्ती नव्हेत.

वजन धरले तर? पेट्रोलसह टेन-आर २०७ किलो, पानिगाले १९८.५. एका किलोमागे ०.९८ आणि १.०९ अश्वशक्ती. वर ७५ किलोचा चालक बसवला की आकडे ०.७२ आणि ०.७९ होतात. फरक राहतो, पण कमी होतो. तो जाणवायला थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) पूर्ण उघडावा लागतो आणि तशी जागा शहराच्या आसपास नाही.

## पुण्याची हवा दोघींकडूनही वर्गणी घेते

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे. इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे ६ टक्के कमी असतो. या दोन्ही इंजिनांना टर्बो नाही, जेवढी हवा आपसूक आत येईल तेवढ्यावरच चालायचे. म्हणून ताकदही साधारण त्याच प्रमाणात उतरते. २१५.५ चे ६ टक्के १३ होतात. म्हणजे पुण्यातली पानिगाले आणि मुंबईतली टेन-आर जवळजवळ सारख्याच ताकदीच्या. ज्या फरकासाठी चर्चा रंगतात तो खंडाळ्याचा घाट चढताना हवाच खाऊन टाकते. एप्रिल-मेची तापलेली विरळ हवा आणखी थोडे खाते.

टेन-आरच्या नावापुढे कधी २०३ तर कधी २१३ अश्वशक्ती दिसते, त्यात फसवणूक नाही. पुढच्या तोंडातून शिरणारी हवा गाडीच्या वेगामुळे दाबली जाते, त्याला रॅम-एअर म्हणतात. २१३ हा आकडा तो परिणाम धरून आहे, आणि तो मिळतो खूप मोठ्या वेगाला. जुन्या मुंबई रस्त्याने लोणावळ्याला जाताना त्याचा काही संबंध येत नाही.

## ठोके तेवढेच, लय वेगळी

इथे दोन्ही इंजिनांच्या वाटा खऱ्या अर्थाने वेगळ्या होतात, म्हणून जरा थांबून बघू.

टेन-आरचे चार सिलिंडर एका रांगेत आडवे बसलेले असतात. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत, चारही सिलिंडर एकेकदा पेटतात. टेन-आरमध्ये हे बरोबर दर १८० अंशांनी होते. ढोलाचा सरळ एकसारखा ठेका. म्हणूनच आरपीएम चढताना ती शिट्टीसारखी सलग किंचाळते.

पानिगालेचे दोन सिलिंडर पुढे झुकलेले, दोन मागे, मधला कोन ९० अंशांचा. पेटण्याचे क्षण ०, ९०, २९० आणि ३८० अंशांवर. म्हणजे ९० अंशांवर दुसरा ठोका, २०० अंश विसावा, पुन्हा ९० वर ठोका आणि मग ३४० अंश शांतता. दोन जोडठोके आणि लांब खंड. आवाज भारदस्त, तुटक येतो. ही लय डुकाटीने मोटोजीपी शर्यतींतल्या आपल्या गाडीवरून आणली.

आवाजापलीकडे याचा उपयोग काय? वळणातून बाहेर पडताना मागचा टायर एकाच वेळी दोन कामे करत असतो: गाडीला वळणात धरून ठेवणे आणि पुढे ढकलणे. पकड संपायच्या बेताला आली की लांब खंडात रबराला पुन्हा चिकटायला क्षणभर सवड मिळते आणि टायर सुटायला लागला आहे हे चालकाला सीटमधून लवकर कळते, असा या मांडणीमागचा विचार आहे. शर्यतीतले चालक ही जाणीव मोलाची मानतात. पण ती टायर सीमेवर असतानाच मिळते. ताम्हिणीत समोरून एसटी येऊ शकते या भानाने जाणारा चालक त्या सीमेच्या जवळही नसतो, नसावा. रस्त्यावर हा फरक मुख्यतः कानाला आणि मांड्यांना जाणवतो.

दुसरी गोष्ट अधिक कामाची. बहुतेक गाड्यांत, टेन-आरमध्येही, क्रँकशाफ्ट चाकांच्याच दिशेने फिरतो. पानिगालेत तो उलटा फिरतो. वेगाने फिरणारी जड वस्तू आपला अक्ष बदलायला विरोध करते. चाके आणि क्रँक एकाच दिशेने फिरले की विरोध वाढतो, उलट फिरले तर थोडा कापला जातो. त्यामुळे डावीकडून उजवीकडे गाडी झुकवायला कमी जोर लागतो. शिवाय थ्रॉटल उघडल्यावर उलट फिरणाऱ्या क्रँकची प्रतिक्रिया पुढचे चाक खाली दाबते, म्हणजे चाक उचलण्याची खोड कमी होते. किंमत अशी की दिशा पुन्हा सुलट करायला एक जादा शाफ्ट लागतो. त्याचे वजन आणि घर्षण आलेच. जुन्या कात्रज घाटासारख्या लागोपाठच्या वळणांवर पानिगाले हलकी वाटते ती यामुळे, आणि ८.५ किलो कमी वजनामुळे.

टेन-आर याउलट स्थिर. तिच्या पुढच्या फोर्कचा कल २५ अंश आणि ट्रेल १०५ मिलिमीटर आहे, पानिगालेचा २४.५ अंश आणि १०० मिलिमीटर. ट्रेल म्हणजे हँडलचा अक्ष जमिनीला जिथे मिळतो तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचे अंतर. ते जास्त म्हणजे चाक सरळ राहू पाहते. शिवाय टेन-आरमध्ये ओहलिन्सचा इलेक्ट्रॉनिक स्टिअरिंग डँपर, म्हणजे हँडलचे हेलकावे शमवणारा भाग, मुळातच बसवलेला आहे. उसवलेल्या डांबरावरून वेगात जाताना हँडल हातात शांत राहते, आणि हा गुण आपल्याकडे फार उपयोगी आहे.

## पहिल्याच गिअरला दीडशे

गाडी घेण्याआधी प्रत्येकाने हा हिशेब एकदा कागदावर करावा. कोणत्याही गिअरमधला वेग चार गोष्टींवर ठरतो: आरपीएम, इंजिन ते गिअरबॉक्स गुणोत्तर, त्या गिअरचे गुणोत्तर आणि चेन-स्प्रॉकेटचे, म्हणजे चेनच्या दातेरी चाकांचे, गुणोत्तर. आरपीएमला या तिन्ही गुणोत्तरांनी भागायचे आणि मागच्या टायरच्या परिघाने गुणायचे.

टेन-आर: १.६८१, पहिला गिअर २.६००, स्प्रॉकेट ४१ भागिले १७ म्हणजे २.४१२. तिन्हींचा गुणाकार १०.५४. मागचा टायर १९०/५५-१७, परीघ सुमारे २.०१ मीटर.

पानिगाले: १.८०, पहिला गिअर ३६ भागिले १५ म्हणजे २.४, स्प्रॉकेट ४१ भागिले १६ म्हणजे २.५६. गुणाकार ११.०७. टायर २००/६०-१७, परीघ सुमारे २.११ मीटर.

उत्तर काढले की गंमत दिसते. सर्वाधिक अश्वशक्तीच्या आरपीएमला टेन-आर पहिल्याच गिअरमध्ये ताशी १५१ किलोमीटरवर असते आणि पानिगाले १४९ वर. ४००० आरपीएमला दोघीही पहिल्या गिअरमध्ये ४६ वर. इंजिने इतकी वेगळी, तरी दोन्ही कारखान्यांनी पहिला गिअर जवळजवळ सारखाच ठेवला, कारण दोघांच्याही डोळ्यांसमोर ट्रॅकवरचे मंद वळण होते.

याचा पुण्यातला अर्थ तीन प्रकारे निघतो. एक, शहरात आणि घाटात तुम्ही पहिला आणि दुसरा गिअर सोडून वर फारसे जाणारच नाही, गेलात तरी इंजिन तळाच्या आरपीएमला कुरकुरत राहील. दोन, सर्वाधिक टॉर्कचा आरपीएम येतो तेव्हा पहिल्या गिअरमध्येही टेन-आर १३० वर आणि पानिगाले १०९ वर असते. म्हणजे ‘पिकअप’ म्हणून जे मिळते ते टेन-आरमध्ये उशिरा येते. सहा-सात हजारांखाली ती तुलनेने थंड वाटते आणि पहिल्यांदा चालवणारे निराश होतात. कावासाकीने २०२१ ला मागचे स्प्रॉकेट ३९ दातांवरून ४१ केले ते याचसाठी. हवे तर पुढचे १७ दातांचे स्प्रॉकेट बदलून १६ चे लावता येते, तळाचा जोर सुमारे ६ टक्के वाढतो. चेनचा ताण आणि मागच्या चाकाची जागा मात्र पुन्हा जुळवून घ्यावी लागते.

तीन, आणि हे कोणी आधी सांगत नाही: तेराशे आरपीएमच्या आळशी चालीतही पहिल्या गिअरमध्ये दोघी १५ च्या वेगाने पळतात. विद्यापीठ चौकात किंवा हिंजवडीच्या रांगेत गाड्या सरकतात पाच-सातच्या वेगाने. उरलेला फरक क्लच अर्धा दाबून भरायचा. तास-दोन तास असे चालले की क्लच-प्लेटा झिजतात, डावे मनगट भरून येते. रोज कचेरीला जायला दोन्हींपैकी एकही गाडी योग्य नाही. घरात दुसरी साधी दुचाकी असेल तरच यांचा विचार करावा.

## सिग्नलला उभी राहिली की

दोनशे अश्वशक्तीच्या इंजिनाचे रेडिएटर पळत्या हवेवर अवलंबून असतात. उभ्या गाडीत सगळा भार पंख्यावर येतो. मीटरवर १०० ते १०५ अंश दिसले म्हणून घाबरू नये. बंद, दाबाखालच्या यंत्रणेत निम्मे पाणी-निम्मे कूलंट १२० अंशांच्या पुढेच उकळते. काळजी तेव्हा करावी, जेव्हा आकडा चढतो आणि पंख्याचा आवाज येत नाही.

पानिगालेत मागचे दोन सिलिंडर बरोबर चालकाच्या मांड्यांखाली येतात. तापलेले इंजिन नुसते धुमसत असताना हे दोन सिलिंडर आपोआप बंद होतात, तरी मे महिन्यात जीन्समधून चटका जाणवतो. टेन-आरचे इंजिन पूर्ण पुढे असल्यामुळे ती याबाबतीत बरी, पण गार नाही. एका मिनिटाहून लांब सिग्नल असेल तर इंजिन किल्लीने बंद करावे. नुसत्या किल-स्विचने बंद केले तर दिवे चालू राहून बॅटरी उतरते. गाडी धुताना रेडिएटरवर जोराचा फवारा मारू नये, पाकळ्या वाकतात आणि मग तापण्याचे कारण सापडत नाही. कूलंटमध्ये बोअरचे पाणी कधीही घालू नये, आत क्षार बसतात.

पेट्रोल दोघींनाही ९५ ऑक्टेनचे लागते. इथेनॉल किती चालेल ते त्या-त्या वर्षीच्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावे, कारण जुन्या आणि नव्या वर्षांत फरक आहे. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवावी. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते, आणि अर्ध्या टाकीत हवाच जास्त असते. बॅटरीला छोटा चार्जर जोडून ठेवावा. पानिगालेच्या ‘एस’ प्रकारात लिथियम बॅटरी असते, तिला लिथियमसाठीचाच चार्जर चालतो.

टेन-आरची जमिनीपासूनची उंची १३५ मिलिमीटर आहे. सोसायट्यांचे मनमानी गतिरोधक बघता ही उंची तोकडी आहे. तिरके, क्लच दाबून, वजन मागे घेऊन ओलांडावे. पोटाखालची फेअरिंग घासली तर दुखणे स्वस्त, एक्झॉस्ट घासला तर महाग.

## इलेक्ट्रॉनिक्स सांभाळून घेईल ना?

दोन्ही गाड्यांत सहा अक्षांवर हालचाल मोजणारा बॉशचा सेन्सर आहे. गाडी किती झुकली, पुढे किती कलली, किती वेगाने वळते आहे हे तो सतत कळवतो. त्यावरून ट्रॅक्शन कंट्रोल मागच्या चाकाची ताकद कापतो आणि झुकलेल्या गाडीतही एबीएस काम करतो. या यंत्रणा खरोखर जीव वाचवतात. म्हणून ओल्या रस्त्यावर रेन मोड लावण्यात कमीपणा मानू नये.

पण त्या पकड वाटून देतात, निर्माण करत नाहीत. वळणावर खडी पसरली असेल, ऑगस्टमध्ये घाटात शेवाळ धरले असेल, तर सेन्सरच्या हातात वाटायला काही उरतच नाही. थांबण्याचे अंतर तर कोणत्याच ब्रँडला चुकत नाही. ताशी १०० वर असताना धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी २८ मीटर जाते, आणि उत्तम टायर-ब्रेक असले तरी पुढे आणखी ३९ मीटर लागतात. १५० वर हेच आकडे ४२ आणि ८८ होतात, मिळून १३० मीटर. आणि १५० म्हणजे पहिला गिअर, हे वर पाहिले. वरंधच्या किंवा ताम्हिणीच्या आंधळ्या वळणावर पुढचे १३० मीटर दिसतच नाहीत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे, त्यामुळे या गाड्या जुन्या महामार्गावर ट्रक, टेम्पो आणि रस्ता ओलांडणाऱ्या माणसांमधूनच चालणार.

यांना मोकळे सोडायचे तर ट्रॅक हवा. नावाजलेले ट्रॅक पुण्यापासून दूर आहेत: चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा, कोइम्बतूरचा २.१ किलोमीटरचा कारी आणि ग्रेटर नोएडाचा ५.१ किलोमीटरचा बुद्ध सर्किट. गाडी टेम्पोने पाठवणे, टायर आणि ब्रेक-पॅड हा खर्च खरेदीच्या वेळीच धरावा.

## सर्व्हिसचा हिशेब

इंजिनातल्या झडपा, व्हॉल्व्ह, उघडतो एक कॅम आणि साधारणपणे बंद करते स्प्रिंग. टेन-आरमध्ये असेच आहे. १३,००० आरपीएमला प्रत्येक झडप सेकंदाला १०८ वेळा उघडते. अशा वेगात स्प्रिंग मागे पडण्याची भीती असते. डुकाटीने स्प्रिंगवर भिस्त न ठेवता झडप बंद करायलाही वेगळा कॅम आणि रॉकर दिला. याला डेस्मो म्हणतात. तांत्रिकदृष्ट्या देखणी कल्पना, पण तपासणीच्या दिवशी मेकॅनिकचे काम दुप्पट होते. दोघींच्या झडपा सोळाच, मात्र टेन-आरमध्ये सोळा फटी मोजायच्या आणि पानिगालेत बत्तीस. ही तपासणी पानिगालेत दर २४,००० किलोमीटरला येते. वर्षाला चार हजार किलोमीटर चालवणाऱ्याला ती सहा वर्षांनी लागेल. म्हणून नवी गाडी घेणाऱ्याने तिचा बाऊ करू नये. २०-२२ हजार चाललेली जुनी गाडी घेणाऱ्याने मात्र तो खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत.

## मग कोणती?

जो वर्षातून एक-दोनदा ट्रॅकवर जाईल आणि बाकीच्या रविवारी सातारा-लोणावळा करेल, त्याने टेन-आर घ्यावी आणि वाचलेल्या लाखांतून ट्रॅकचे प्रशिक्षण, चांगले टायर आणि सस्पेन्शनची जुळणी करून घ्यावी. ट्रॅकवरचा वेळ १२ अश्वशक्तीने जेवढा कमी होतो त्याच्या कित्येक पटींनी शिकण्याने कमी होतो. पानिगाले त्याने घ्यावी, ज्याला ते इंजिन, तो आवाज आणि मधल्या आरपीएमचा तो जोर हवा आहे आणि ज्याला खर्चाची ओढाताण होणार नाही. ती इच्छाही तेवढीच खरी आहे. फक्त ती ‘जास्त वेगवान’ म्हणून घेऊ नये. सीटची उंची टेन-आरची ८३५ आणि पानिगालेची ८५० मिलिमीटर आहे. साडेपाच फुटांच्या चालकाने शोरूममध्ये बूट घालून, गाडी स्टँडवरून काढून, दोन्ही बाजूंना तोलून पाहावे.

कोणतीही घेतली तरी पहिल्या आठवड्यात सॅग जुळवून घ्यावा. सॅग म्हणजे चालक बसल्यावर सस्पेन्शन किती दबते ते अंतर. मागचे चाक हवेत असताना ॲक्सल ते सीटखालच्या एका खुणेपर्यंतचे अंतर मोजा. मग पूर्ण पोशाखात बसून, पाय फूटपेगवर ठेवून पुन्हा मोजा, गाडी दोघांनी धरायची. फरक रस्त्यासाठी ३५ ते ४० मिलिमीटर असावा, ट्रॅकसाठी ३० ते ३५. जास्त असेल तर प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवर आधीच दिलेला ताण, वाढवा. प्रीलोड संपला तरी जास्तच असेल तर तुमच्या वजनाला ती स्प्रिंग मऊ आहे. टायरचा दाब थंड असतानाच मोजा. टेन-आरला पुढे ३६, मागे ४२ पीएसआय.

## वापरलेली घेत असाल तर

नव्या गाड्या महागल्यापासून वापरलेल्यांकडे वळणे साहजिक आहे. पुढचे चाक उचलून हँडल हळू फिरवा. मध्यभागी खटकन अडल्यासारखे वाटले तर हेड-बेअरिंग, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग, गेले आहे. हँडल जिथे थांबते तो अटकाव दबलेला किंवा नव्याने रंगवलेला असेल तर गाडी जोरात पडली आहे, तिथून परत फिरावे. फोर्कच्या नळीवर तेलाचे कडे दिसले तर सील गेले. मागच्या स्प्रॉकेटच्या सर्वांत मागच्या बिंदूला चेन ओढून पाहा, अर्धा दात उघडा पडला तर चेन-संच बदलायला आला. चौथ्या गिअरमध्ये पाच-सहा हजारांवर थ्रॉटल उघडा. आरपीएम चढले आणि वेग चढला नाही तर क्लच शहराच्या गर्दीत झिजला आहे.

बाहेरचा एक्झॉस्ट लावलेला असेल तर मूळचा मागून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली असा बदल चालत नाही, आवाजासाठी पोलीस थांबवतात ते वेगळेच. टायरची जाळी भरपूर दिसली तरी बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. इतके जुने, कडक झालेले रबर कितीही नवे दिसले तरी घाटात नेऊ नये. दोन्ही टायर बदलण्याचा खर्च किमतीतून कमी करून घ्या आणि ते बदलल्याशिवाय गाडी घरी चालवत आणू नका.